सिग्नल सर्वांत शेवटी: ‘सिटीज: स्कायलाइन्स’मध्ये बेळगावसारख्या शहराचा चौक मोकळा कसा करायचा

टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ आमचं घर. गेट पडलं की काँग्रेस रोडवर रांग लागायची. रेल्वे निघून जायची, गेट उघडायचं, तरी ती रांग कितीतरी वेळ जागची हलायची नाही. शाळेत असताना याचं कारण मला कधीच कळलं नाही. ते कळलं पुढे, एका संगणक खेळात तसंच गेट बांधलं तेव्हा. रांगेतल्या शेवटच्या गाड्यांवर एकेक करून क्लिक केलं आणि त्या कुठे निघाल्यात ते बघितलं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना गेट ओलांडायचंच नव्हतं. त्यांना मुख्य रस्त्यानं सरळ जायचं होतं, पण गेटासाठी थांबलेली रांग चौकात शिरून उभी होती. गेट उघडल्यावर जे बाहेर पडत होते त्यांनाही चौकात जागा नव्हती, कारण तिथे हे अडकलेले उभे. एकानं दुसऱ्याला धरून ठेवलेलं.

तो खेळ ‘सिटीज: स्कायलाइन्स’. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या कंपनीनं तो बनवला आणि पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हनं १० मार्च २०१५ रोजी बाजारात आणला. शहर वसवायचा खेळ अशी त्याची ओळख. पण वस्ती वाढत गेली की वीज, पाणी, शाळा हे सगळं मागे पडतं आणि रहदारी तेवढी उरते. कचरागाडी अडकली की कचरा साठतो, रुग्णवाहिका अडकली की माणसं दगावतात, माल पोचला नाही की दुकानं बंद पडतात. तक्रार कुठलीही असो, तिचा माग काढत गेलात की शेवटी कुठल्यातरी एका चौकात येऊन पोचता.

निपाणी, खानापूर, चिकोडीकडचे माझे मित्र आणि घरातली भाचरं हा खेळ खेळतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: सिग्नल लावला तरी जाम सुटत नाही, आता काय करू? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. सिग्नल हे हातात घ्यायचं शेवटचं हत्यार आहे. त्याआधी चार कामं असतात. ती मनापासून केली, तर बऱ्याच चौकांत सिग्नलची गरजच पडत नाही.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी

नवीन शहर सुरू करताना डाव्या बाजूनं गाड्या चालवण्याचा पर्याय दिसतो. तो आठवणीनं निवडा. नंतर तो बदलता येत नाही, आणि उजव्या बाजूनं चालणाऱ्या शहरात आपली नजर सतत चुकत राहते. आपल्याकडे डावं वळण सोपं आणि उजवं वळण घातक, कारण उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्यांना छेदून जावं लागतं. पुढचं सगळं विवेचन हे धरून केलं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली, खेळाला वरून जोडायची भर. मूळ खेळात सिग्नल चालू किंवा बंद करता येतो, त्याच्या वेळा ठरवता येत नाहीत. त्यासाठी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या ‘वर्कशॉप’ विभागात ‘ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन’ हे मॉड फुकट मिळतं. खेळणारे त्याला टीएमपीई म्हणतात. सिग्नलचे टप्पे, पाट्या, लेनचे बाण, वेगमर्यादा, वाहनबंदी हे सगळं त्यात आहे. खेळाचा दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ रोजी आला आणि त्यात सिग्नल, थांबा पाटी, वळणबंदी मुळातच दिलेली आहे. पण त्याला तगडं मशीन लागतं. आपल्याकडच्या बहुतेक मुलांकडे अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप असतो, म्हणून मी पहिल्या भागावरच लिहितो. खेळाचे मेन्यू मराठीत नाहीत, कन्नडमध्येही नाहीत. तेव्हा मेन्यूंची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच देवनागरीत देतो.

पहिली पायरी: रांगेचं तोंड शोधा

चौकात गाड्या तुंबलेल्या दिसल्या की हात लगेच रस्ता रुंद करायला शिवशिवतात. तसं करू नका. खेळ सर्वांत हळू वेगावर ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघा.

आधी ट्रॅफिकचा नकाशा उघडा. रस्ते हिरव्यापासून लालपर्यंत रंगलेले दिसतील. लाल रस्त्यावर जा, आणि रांगेच्या मागच्या टोकापासून पुढे पुढे सरकत राहा. एका ठिकाणी असं दिसेल की एक गाडी उभी आहे आणि तिच्यापुढचा रस्ता रिकामा आहे. दुखणं तिथे आहे. पुढे रिकामा रस्ता दिसत नसेल, तर दुखणं आणखी पुढच्या चौकात आहे. चालत राहा. आमचे एक काका बेळगावात कित्येक वर्षं रिक्षा चालवायचे. मी त्यांना पडद्यावर हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “जाम शेपटाकडनं बघायचा नसतो रे, तोंडाकडनं बघ. आम्ही तसंच बघून गल्ली बदलत होतो.”

तोंड सापडलं की ट्रॅफिक रूट्सचा नकाशा उघडा आणि त्या रस्त्यावर क्लिक करा. त्या तुकड्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा, बसचा, पादचाऱ्याचा सगळा मार्ग रेषेनं दिसतो. मालवाहू गाड्यांचा रंग वेगळा, खासगी गाड्यांचा वेगळा. या नकाशाइतकं उपयोगी साधन अख्ख्या खेळात दुसरं नाही, आणि नवखे खेळाडू नेमके तेच उघडत नाहीत.

उदाहरण माझ्याच शहराचं. एका टोकाला मी उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत बसवली होती, दुसऱ्या टोकाला रविवार पेठेसारखी घाऊक बाजारपेठ आणि मधोमध बोगारवेशीसारखा चौक. चौक कायम लाल. दोनदा रुंद केला, सिग्नल लावला, काढला, परत लावला. शेवटी मार्गांचा नकाशा उघडला, तर निम्म्याहून जास्त रेषा कारखान्यातून बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या. त्यांचं चौकात काहीच काम नव्हतं. त्यांना जायला दुसरा रस्ताच मी ठेवला नव्हता. शहराच्या कडेनं एक बाह्यवळण काढलं आणि चौकाला हातही न लावता तो हिरवा झाला.

एक बारकावा. मूळ खेळातली गाडी घरातून निघतानाच मार्ग ठरवते, आणि पुढे कितीही तुंबलेलं असलं तरी वाट बदलत नाही. टीएमपीईमध्ये वाहनांची प्रगत बुद्धी चालू करण्याचा पर्याय आहे. तो लावला की गाड्या गर्दीचा थोडा विचार करतात आणि एकाच लेनमध्ये लांबच लांब रांग लावणं कमी होतं. तो जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर रस्त्यांची आखणी वाईट ठेवू नका.

दुसरी पायरी: गल्ली, रस्ता, हायवे

बेळगावात गणपत गल्लीतून तुम्ही थेट पुणे-बेंगळुरू हायवेवर उतरत नाही. आधी गल्ली, मग पेठेतला रस्ता, मग मोठा रस्ता आणि मग हायवे. खेळात हीच उतरंड पाळायची. घरं आणि दुकानं गल्लीला लावायची. गल्ल्या चार पदरी रस्त्याला मिळायच्या. चार पदरी सहा पदरीला आणि सहा पदरी हायवेला. मधली पायरी गाळली की तिथे हमखास चौक तुंबतो, कारण वेगात येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये गल्लीतून निघालेला एखादा हळूहळू वळत असतो.

चौक किती लांब असावेत? खेळातला एक चौकोन ८ मीटरचा. मोठ्या रस्त्यावर दोन चौकांमध्ये किमान २० चौकोन, म्हणजे १६० मीटर अंतर ठेवा असं मी अनुभवानं सांगतो. त्यापेक्षा जवळ ठेवलंत, तर पुढच्या सिग्नलची रांग मागच्या चौकात येऊन बसते. आमच्या गेटाचा दोष तोच होता.

रस्ते कसे मिळतात यालाही हिशेब आहे. दोन्हीकडून वाहतूक असलेले चार रस्ते एकत्र आले, की गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भेटतात: १६ ठिकाणी छेदतात, ८ ठिकाणी मिसळतात, ८ ठिकाणी फुटतात. तीन रस्त्यांच्या तिठ्यावर असे बिंदू फक्त ९. चार रस्त्यांच्या एकेरी लेनच्या गोल चौकात ८, आणि त्यात छेदणारा एकही नाही. रहदारीच्या अभियांत्रिकीत हे आकडे पहिल्याच धड्यात शिकवतात. खेळात त्यांचा अर्थ सरळ आहे. शक्य तिथे चौकाचे दोन तिठे करा, आणि त्यांच्यामध्ये पुरेसं अंतर ठेवा.

राणी चन्नम्मा चौकासारखा चारांहून जास्त रस्त्यांचा चौक करायचा मोह आपल्याकडच्या प्रत्येकाला होतो, मलाही झाला. चौक दिसायला सुंदर होतो. पण पाचवा रस्ता आला की सिग्नलला आणखी एक पाळी द्यावी लागते आणि बाकीचे चार तेवढा वेळ थांबतात. पाचवा रस्ता एकेरी करा, फक्त चौकातून बाहेर जाणारा. किंवा तो चौकाच्या आधीच शेजारच्या रस्त्याला जोडा. नाहीतर ऐसपैस गोल चौक बांधा. डाव्या बाजूच्या शहरात गोल चौकात गाड्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात, तेव्हा एकेरी रस्ता त्याच दिशेनं ओढा. उलटा ओढलात तर गाड्या अख्खा चौक उलट फिरतील.

आणि रेल्वे. खेळात रूळ रस्त्याला छेदला की गेट आपोआप तयार होतं. गेट आणि चौक यांच्यामध्ये जागा ठेवा, किंवा बेळगावच्या कपिलेश्वर उड्डाणपुलासारखा पूल करा. रस्ता ओढताना पेज अप कळ दाबली की तो वर उचलला जातो. पुलाला दोन्ही बाजूंनी लांब उतार लागतो. तेवढी जागा आधीच मोकळी ठेवा, नाहीतर पुढे घरं पाडावी लागतात.

तिसरी पायरी: पाट्या

पाटी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. आपल्याकडे लाल अष्टकोनी पाटी म्हणजे पूर्ण थांबा, आणि टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या. खेळातही हेच आकार आहेत.

मॉड नसताना ट्रॅफिक रूट्सच्या नकाशात जंक्शन्सचा भाग उघडा. तिथे प्रत्येक चौकातला सिग्नल चालू-बंद करता येतो आणि थांबा पाटी लावता येते. मोठे रस्ते एकमेकांना मिळाले की खेळ स्वतःहून सिग्नल ठोकतो, गरज असो नसो. पहिलं काम म्हणजे अशा फुकटच्या सिग्नलांची झाडाझडती. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथला सिग्नल काढा आणि गल्लीला पाटी लावा.

कोणती पाटी? टीएमपीईमध्ये दोन्ही मिळतात. थांबा पाटी लावली की प्रत्येक गाडी पूर्ण थांबते, समोर रस्ता मोकळा असला तरी. त्यामुळे गल्लीत रांग वाढते. त्रिकोणी पाटीला गाडी मोकळा रस्ता बघून न थांबता निघते. म्हणून मी जवळजवळ सगळीकडे त्रिकोण लावतो. अष्टकोन फक्त तिथे, जिथे गल्लीतल्या गाड्या घुसल्यामुळे मुख्य रस्त्याचा वेग मोडताना दिसतो. गोल चौकात आत फिरणाऱ्याला हक्क द्या आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला त्रिकोण.

त्यानंतर वळणबंदी. गर्दीच्या चौकात उजवं वळण बंद करून बघा. गाड्या सरळ जातात, पुढच्या गोल चौकातून वळून परततात आणि डावीकडे शिरतात. अंतर थोडं वाढतं, पण चौकातले छेद कमी होतात. चौकात उलट फिरणंही बंद करा. त्यानं फायदा न झालेला चौक मी अजून बघितलेला नाही.

आता गेटासाठीची खरी किल्ली. टीएमपीईच्या जंक्शन निर्बंधांमध्ये एक पर्याय आहे: पुढे जागा नसताना चौकात शिरायला मनाई. तो गेटाच्या आधीच्या चौकात लावा. मग गेटासाठी थांबणारी रांग चौकाबाहेरच थांबते, आणि सरळ जाणारे बिनघोर निघून जातात. मी सुरुवातीला सांगितलेली रांग या एका खुणेनं सुटली. खऱ्या काँग्रेस रोडवर मात्र आणखी एक गोष्ट घडते. गेट पडलं की दोन्ही बाजूंच्या दुचाकी समोरच्याची लेनही भरून टाकतात आणि गेट उघडल्यावर तोंडाला तोंड लागतं. खेळातल्या गाड्या आपली लेन सोडत नाहीत, म्हणून खेळात हा रोग दिसत नाही. तेवढा फरक लक्षात ठेवून बेळगावशी तुलना करा.

अवजड वाहनांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपला भाग उसाचा. गळीत हंगामात संकेश्वर-चिकोडी-निपाणीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर लागला की मागे किती गाड्या साठतात, ते इथल्या प्रत्येकानं भोगलेलं आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांत प्रत्येक वाहनाची कारशी तुलना केलेली असते. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत कार १ धरली, तर मोटारसायकल ०.५, बस किंवा ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ आणि मोठी बैलगाडी ८. म्हणजे एक ट्रॅक्टर हा रस्त्यावर साडेचार मोटारींएवढा. खेळात ट्रॅक्टर-ट्रॉली नाही, पण शेती आणि कारखान्यांचे ट्रक तीच जागा घेतात. तेव्हा गाड्या मोजताना ट्रकला तीन धरा, आणि शहराच्या मधल्या भागात टीएमपीईच्या वाहनबंदीनं ट्रकांना मनाई करा. मात्र आधी त्यांना दुसरी वाट असली पाहिजे. वाट न देता बंदी घातलीत, तर दुकानांना माल मिळणार नाही.

वेगमर्यादा गल्लीत कमी आणि बाह्यवळणावर जास्त ठेवा, म्हणजे लांबचा रस्ता गाड्यांना जवळचा वाटतो. गर्दीच्या रस्त्यावर पार्किंग बंद करा. यावर याहून जास्त वेळ घालवण्याची गरज नाही.

चौथी पायरी: लेन

चौकाजवळ येताना कुठली लेन कुठे जाणार हे बाणांनी ठरतं. खेळ बाण आपल्या मतानं टाकतो, आणि बऱ्याचदा एकाच लेनमध्ये सरळ आणि उजवं वळण एकत्र ठेवतो. उजवीकडे जाणारी एक गाडी थांबली की मागचे सरळ जाणारे सगळे थांबतात. तीन लेन असतील तर डावीकडची डावं वळण आणि सरळ, मधली फक्त सरळ, उजवीकडची फक्त उजवं वळण. दोनच लेन असतील आणि उजवीकडे जाणारे कमी असतील, तर उजवं वळणच बंद केलेलं बरं.

हायवेवर एक साधी बेरीज पाळा. तीन लेनच्या हायवेवरून एका लेनची वाट बाहेर पडली, तर पुढे हायवे दोनच लेनचा ठेवा. पुढे एका लेनची वाट येऊन मिळाली की परत तीन करा. असं केलं की कुणालाच शेवटच्या क्षणी लेन बदलावी लागत नाही. टीएमपीईच्या लेन जोडणीनं प्रत्येक लेन पुढच्या नेमक्या लेनला रेषेनं बांधता येते. फाटा फुटतो त्या बिंदूवर ही जोडणी हातानं करा. ते दहा मिनिटांचं काम असतं, पण त्यानंतर गाड्या एकमेकांसमोर आडव्या जाणं थांबतं.

पाचवी पायरी: सिग्नल

इथवर आल्यावरही चौक लाल असेल, तर आता सिग्नल. पण आधी हिशेब करा. हा हिशेब ज्याला कळला, त्याला सिग्नल कळला.

१९५८ साली ब्रिटनमधल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी सिग्नलच्या एका फेऱ्याचा, म्हणजे सगळ्या रस्त्यांची पाळी एकदा होऊन जाण्याचा, योग्य वेळ काढण्याचं सूत्र मांडलं. ते आजही शिकवलं जातं. फेऱ्याचा वेळ = (१.५ × वाया जाणारा वेळ + ५) ÷ (१ − भार).

वाया जाणारा वेळ म्हणजे पाळी बदलताना जाणारे सेकंद. हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलायला वेळ घेते, आणि लाल होताना चौक रिकामा होईपर्यंत कुणीच जात नाही. एका पाळीमागे ५ सेकंद धरा. भार म्हणजे त्या पाळीतल्या सर्वांत गर्दीच्या रस्त्यावर येणाऱ्या गाड्या, भागिले तोच रस्ता सतत हिरवा असता तर जाऊ शकल्या असत्या तेवढ्या गाड्या. सगळ्या पाळ्यांची ही बेरीज. भारतीय मानकांत रस्त्याच्या रुंदीच्या दर मीटरमागे ताशी ५२५ कार अशी क्षमता धरतात. साडेतीन मीटरच्या लेनला ती साधारण १८०० येते, म्हणजे दर दोन सेकंदांना एक गाडी. खेळात हा आकडा तसाच येईल असं धरू नका. लांब रांग असताना हिरव्यात एका लेनमधून मिनिटाला किती गाड्या निघतात, ते स्वतः मोजा.

आता उदाहरण. दोन पाळ्यांचा चौक: पूर्व-पश्चिमेचा भार ०.३५, उत्तर-दक्षिणेचा ०.२५. बेरीज ०.६०. वाया जाणारा वेळ १० सेकंद. (१५ + ५) ÷ ०.४० = ५० सेकंद. त्यातले १० वजा केले की ४० उरतात. भाराच्या प्रमाणात वाटले, तर एका बाजूला २३ आणि दुसऱ्या बाजूला १७ सेकंद हिरवा.

तोच भार ठेवून चार रस्त्यांना चार वेगळ्या पाळ्या दिल्या, तर वाया जाणारा वेळ २० सेकंद होतो आणि फेरा (३० + ५) ÷ ०.४० म्हणजे जवळपास ८८ सेकंदांचा. गाड्या तेवढ्याच, थांबणं मात्र कितीतरी जास्त. प्रत्यक्षात चार पाळ्यांत भाराची बेरीजही वाढते, म्हणजे चित्र याहून वाईट. म्हणून उजव्या वळणाला स्वतंत्र पाळी देण्याआधी दहादा विचार करा.

आणि दोन पाळ्यांच्या चौकात भार ०.९० झाला तर? २० ÷ ०.१० = २०० सेकंद. भार १ झाला तर सूत्राला उत्तरच नाही. सिग्नल वेळ वाटून देतो, नवा वेळ निर्माण करत नाही. चौकात मावतील त्यापेक्षा जास्त गाड्या येत असतील, तर त्या चौकात आल्याच नाही पाहिजेत, आणि ते काम पहिल्या आणि दुसऱ्या पायरीचं. सिग्नल सर्वांत शेवटी ठेवायचा, तो याच कारणानं.

टीएमपीईमध्ये करायचं असं. टाइम्ड ट्रॅफिक लाइट्सचं साधन घ्या, चौकावर क्लिक करा आणि नवी मांडणी सुरू करा. पहिला टप्पा जोडा. पूर्व-पश्चिमेचे दिवे क्लिक करून हिरवे करा, उरलेले लाल. मग किमान आणि कमाल वेळ द्या. दुसऱ्या टप्प्यात उलट. मॉड किमान वेळ पूर्ण झाल्यावर बघतं की जाणारे जास्त की थांबलेले जास्त. जाणारे कमी झाले की पुढच्या टप्प्यावर जातं, नाहीतर कमाल वेळेपर्यंत हिरवा ठेवतं. म्हणून काढलेला आकडा कमाल म्हणून द्या आणि किमान त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ठेवा. रात्री रस्ते ओस असताना दिवे भराभर बदलतात, गर्दीला आपोआप लांबतात. खेळातली वेळेची एककं घड्याळाच्या सेकंदांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, तेव्हा दोन बाजूंचं प्रमाण नीट ठेवा आणि लांबी डोळ्यांनी बघून ठरवा.

दिव्यांची पद्धत बदलून डावं, सरळ, उजवं असे वेगळे बाण देता येतात. याचा चांगला उपयोग तिठ्यावर होतो. मुख्य रस्त्यावरून उजवीकडे वळणाऱ्यांना हिरवा बाण असताना बाजूच्या रस्त्यातून डावीकडे निघणाऱ्यांनाही हिरवा द्या. दोघे एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि एका टप्प्यात दोन कामं होतात. मात्र त्या रस्त्याच्या तोंडावर झेब्रा क्रॉसिंग असेल तर चालणाऱ्यांचा विचार करा. खेळात पादचारी वळणाऱ्या गाड्यांना बराच वेळ रोखून धरतात. बसथांबा चौकाला लागून असला की हे फारच वाढतं. थांबा थोडा पुढे न्या, किंवा पादचारी पूल द्या आणि त्या एका बाजूचं क्रॉसिंग बंद करा.

चौक खूप मोठा असेल, तर दोन टप्प्यांच्या मध्ये सगळीकडे लाल असलेला एक छोटा टप्पा घाला. आतल्या गाड्या निघून जातात.

सलग चौकांसाठी हिरवी लाट. एका चौकातून सुटलेल्या गाड्या पुढच्या चौकात पोचताना तिथेही हिरवा लागला पाहिजे. खऱ्या रस्त्यावर हिशेब अंतर भागिले वेग असा. चौकांत २४० मीटर अंतर आणि ताशी ४० किलोमीटर वेग असेल, तर पुढचा दिवा साधारण २२ सेकंद उशिरा हिरवा व्हावा. खेळात एका गाडीवर क्लिक करून तिच्यामागे जा आणि दिव्यांचे किती एकक लागतात ते मोजा. टीएमपीईमध्ये दोन-तीन चौक एकाच गटात निवडून त्यांचे टप्पे एकत्र चालवता येतात. तीनपेक्षा जास्त चौक गटात घेऊ नका, सांभाळणं फार अवघड होतं.

मॉड नसेल तर

पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण करा, नको असलेले सिग्नल काढा, थांबा पाट्या लावा, मोठ्या रस्त्याला प्राधान्य द्या आणि उरलेल्या गर्दीच्या चौकांत गोल चौक बांधा. एवढ्यावर मोठं शहर नीट चालतं.

शेवटी तपासणी

खेळ एक गोष्ट आपल्यापासून लपवतो. फार वेळ अडकलेली गाडी तो गायब करतो. त्यामुळे रहदारीची टक्केवारी चांगली दिसते, पण माणसं पोचलेली नसतात. टीएमपीईमध्ये गाड्या गायब होणं बंद करा आणि शहर अर्धा तास चालू द्या. जिथे गाड्या उभ्याच राहतात, तो चौक अजून सुटलेला नाही.

दुसरी कसोटी मी बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीवरून घेतली. अनंत चतुर्दशीला मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते, आणि तेवढा वेळ शहराचे मधले रस्ते गाड्यांना बंद असतात. तरीही बाकीच्या शहराला चालावंच लागतं. खेळ सेव्ह करा, तुमच्या शहराच्या सर्वांत मोठ्या पेठेतल्या रस्त्याचा एक तुकडा पाडा आणि दहा मिनिटं बघा. गाड्या दुसऱ्या वाटांवर वळतील. मग ट्रॅफिकच्या नकाशात जो जोडरस्ता सर्वांत आधी लाल होईल, त्याची जागा टिपून ठेवा, सेव्ह केलेली फाइल परत उघडा आणि त्या रस्त्यापासून पहिली पायरी पुन्हा सुरू करा.